पांढरीचे किल्ले

किल्ला हा शब्द उच्चारतांच आम्हां मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढें सह्याद्रीचा एखादा कडा आणि त्यावरचा काळा तट उभा राहतो. बखरींनीं व पोवाड्यांनीं ही संवय आमच्या अंगीं इतकी मुरविली आहे कीं, जेथें डोंगर नाहीं आणि दगडहि नाहीं अशा प्रदेशांत लोकांनीं आपला बचाव कसा केला असेल, हा प्रश्न आमच्या मनांत सहसा उद्भवत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील वरवट बकालसारख्या गांवीं उभें राहून चोहोंकडे पाहिलें असतां मात्र तो टाळतां येत नाहीं. उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसते; दक्षिणेस पूर्णा वाहते; मधल्या सपाटीवर काळ्या शेतांखेरीज दुसरें कांहीं नाहीं. पूर्णेनें आणि सातपुड्यांतून उतरणाऱ्या तिच्या उपनद्यांनीं हजारों वर्षें आणून टाकलेल्या गाळानें हें खोरें भरलें आहे. येथें विहीर खणावी तर पुष्कळ ठिकाणीं खडकाच्या आधीं खारें पाणीच हातीं येतें. अशा मुलखांत तट उभारावयाचा तर तो मातीचा, ही गोष्ट भूमीनेंच ठरवून टाकलेली होती.

या गांवाच्या नांवांतील ‘बकाल’ हा शब्द हल्लीं गलिच्छ वस्तीस लावतात. परंतु मूळ अरबी ‘बक्काल’ म्हणजे धान्य व किराणा विकणारा वाणी, आणि जुन्या मराठी कागदांत ‘वाणी-बकाल’ ही जोडी वारंवार भेटते. याच तालुक्यांत वरवट खंडेराव या नांवाचें दुसरें गांव असल्यामुळें दोहोंतील भेद दाखविण्यास हें पद उपयोगीं पडतें. आमच्या विषयाशीं या शब्दाचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. जेथें बकाल तेथें धान्य, जेथें धान्य तेथें पेंव, आणि जेथें पेंव तेथें आज ना उद्यां पेंढारी यावयाचाच. वऱ्हाडची जमीन सुपीक आहे ही तिच्या लोकांची पुण्याई खरी; पण राजसत्ता दुबळी झाली म्हणजे हीच पुण्याई जिवावर बेतते.

पूर्वीं वऱ्हाडाचे दोन भाग मानीत: अजिंठ्याच्या डोंगरमाथ्यावरचा तो बालाघाट आणि पूर्णेच्या खोऱ्यांतला तो पाईनघाट. बालाघाटांत काळ्या पाषाणास तोटा नाहीं, म्हणून जाधवरावांच्या सिंदखेडास काळा कोट उठला आणि मोती तलावाचा बांधहि दगडी झाला. खालीं पाईनघाटांत, मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर, एलिचपूरच्या नबाबानें पैसा ओतला तेव्हां बाळापूरचा किल्ला १७५७ मध्यें पुरा झाला. त्याचे तट आणि बुरूज विटांचे आहेत. वीट म्हणजे शेवटीं भाजलेली मातीच. ज्यांपाशीं नबाबाची तिजोरी नव्हती, त्या देशमुख-देशपांड्यांनीं व पाटलांनीं न भाजलेली माती घेतली आणि तिच्या गढ्या उभारल्या.

या गढ्यांचें वर्णन करणारे पुष्कळ लेखक त्यांना ‘कच्च्या’ म्हणून मोकळे होतात. दगडी किल्ला ही विद्या, आणि मातीची गढी म्हणजे त्या विद्येचें अर्धवट शिक्षण, असा त्यांचा समज दिसतो. हा समज आम्हांस मान्य नाहीं. गढी ही निराळ्या गरजेस दिलेलें निराळें उत्तर आहे. आणि तिचें खरें गोत शोधूं लागल्यास रायगड-राजगडाकडे न जातां फार दूर, नवव्या ते अकराव्या शतकांतील उत्तर फ्रान्सकडे व इंग्लंडकडे जावें लागतें.

शार्लमेनचें साम्राज्य त्याच्या नातवंडांत वांटलें गेल्यावर पश्चिम युरोपांत जी स्थिति झाली ती वऱ्हाडच्या वाचकास ओळखीची वाटेल. उत्तरेकडील दर्यावर्दी टोळ्या नद्यांच्या मुखांतून आंत शिरून गांवें लुटीत, आणि राजाची फौज पोंहोंचेपर्यंत लूट घेऊन निघून जात. राजा दूर आणि शत्रु दारीं, अशा वेळीं स्थानिक सरदारांनीं स्वतःच्या बळावर बंदोबस्त आरंभिला. त्यांच्या किल्ल्याची रचना साधी होती. वर्तुळाकार खंदक खणावयाचा, त्यांतून निघालेली माती मध्यभागीं टाकून टेकाड रचावयाचें, टेकाडाच्या माथ्यावर लांकडी मनोरा व भोंवतीं मेढेकोट उभारावयाचा. पायथ्याशीं दुसरें विस्तृत आवार. त्यालाहि खंदक, बांध आणि मेढेकोट. त्यांत घोडे, कोठारें, स्वयंपाकघर, लोहारशाळा व शिपायांचीं घरें. आवार पडलें तर माणसांनीं पुलावरून टेकाडावर जावयाचें. या टेकाडास फ्रेंच भाषेंत ‘मॉत’ म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ मातीचें ढेकूळ असा आहे.

या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे वेग. दगडी किल्ल्यास खाणी, पाथरवट, चुना आणि कित्येक वर्षें लागतात. येथें कुदळ, पांटी, कुऱ्हाड आणि धरून आणलेले गांवकरी एवढ्यावर काम भागे. नॉर्मंडीच्या विल्यमनें १०६६ मध्यें इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर हेस्टिंग्ज येथें प्रथम हेंच केलें. त्या स्वारीची चित्रकथा ज्या सुमारें २३० फूट लांबीच्या भरतकामाच्या पट्टींत विणलेली आहे, तींत फावडीं घेतलेले मजूर टेकाड रचीत आहेत आणि टेकाडाचे थर निरनिराळ्या रंगांच्या दोऱ्यांनीं दाखविले आहेत. आम्हांस त्या चित्रांत सर्वांत हृद्य वाटतात ते दोन मजूर, जे काम सोडून एकमेकांशीं भांडत आहेत. स्थापत्याच्या ग्रंथांत असला प्रामाणिकपणा आढळत नाहीं. पुढें १०६९ मध्यें यॉर्कच्या लोकांनीं बंड केलें तेव्हां विल्यम त्या शहरीं आठ दिवस राहिला, आणि तेवढ्यांत तेथें दुसरा किल्ला उभा राहिला.

पद्धतीचा दोषहि त्याच पट्टींत दिसतो. ब्रिटनीमधील दिनानच्या वेढ्याच्या चित्रांत दोन शिपाई मशालींनीं मेढेकोट पेटवीत आहेत आणि किल्लेदार भाल्याच्या टोंकावरून किल्ल्या देत आहे. यॉर्कच्या लांकडी मनोऱ्याची कथा तर अंगावर शहारे आणणारी आहे. ११९० मध्यें शहरांतील यहुदी कुटुंबांनीं दंगेखोर जमावापासून बचावण्यासाठीं त्यांत आश्रय घेतला, आणि तेथेंच त्यांचा अंत झाला. मनोरा जळून गेला. तेराव्या शतकांत त्याच टेकाडावर दगडी मनोरा झाला, तो अद्याप उभा आहे. विंडसरच्या राजवाड्यांतला वाटोळा मनोराहि विल्यमच्या वेळच्या मातीच्या टेकाडावरच चढलेला आहे.

आतां आमच्या गढीकडे वळूं. तीहि बहुधा टेकाडावरच असते. पण तें टेकाड तिच्या धन्यानें रचलेलें नसतें. इंग्लंडांत या टेकाडांवरून विद्वानांचा एक वाद झाला होता. जी. टी. क्लार्क हा गेल्या शतकापूर्वींचा नामांकित अभ्यासक तीं नॉर्मन लोकांच्याहि आधींचीं, सॅक्सन काळचीं मानी. एला आर्मिटेज या बाईंनीं १९१२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तीं नॉर्मन जेत्यांचींच होत, असें जुन्या कागदांची व स्थळांची सांगड घालून दाखविलें, आणि वाद बहुतेक मिटला. वऱ्हाडांत मात्र उलट आहे. येथें किल्ला अलीकडचा आणि टेकाड प्राचीन.

आमच्या खेड्याची भाषा पाहा. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जमीन ती पांढरी. गांवाच्या कारभाराच्या जुन्या कागदांत हे दोन शब्द जोडीनें येतात, आणि त्यांत नुसतें काव्य नाहीं. एका जागीं शेंकडों वर्षें माणसें राहिलीं. मातीचीं घरें पडलीं, त्यांवर नवीं बांधलीं. चुलींची राख, शेण, भुसा, हाडें, फुटकीं मडकीं यांचे थरावर थर बसले. त्या सर्वांची मिळून जी भुरकट पांढुरकी माती झाली ती पांढरी. सपाट प्रदेशांत गांवाचें टेकाड दिसतें तें निसर्गाचें नसून पूर्वजांच्या संसाराचें आहे. शिवाय काळी माती भिंतीच्या कामाची नव्हे. पावसाळ्यांत ती फुगते आणि उन्हाळ्यांत तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. राख व चुनखडी मिसळलेली पांढरी फुगत नाहीं, फाटत नाहीं, चोपली कीं बसते. तेव्हां गढी बांधणाराला उंचीहि आयती मिळाली आणि बांधकामाचें द्रव्यहि आयतें मिळालें. गांवानें हजार वर्षांत जें साठविलें होतें त्याचाच त्यानें तट केला.

हा तट बांधण्याची रीत अनुभवानें ठरलेली होती. पायास मिळतील तेवढे गोटे किंवा विटा घालीत, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नसे. त्यावर भुसा मिसळून, पाणी घालून, कुजवून तुडविलेल्या मातीचा एक थर हातानें रचीत; तो वाळला म्हणजे दुसरा. घाई केली तर खालचा थर वरच्याच्या भारानें पसरे. म्हणून इंग्लंडांतल्याप्रमाणें आठ दिवसांत गढी होणें शक्य नव्हतें, एकदोन उन्हाळे तरी जावयाचेच. भिंत तळाशीं रुंद आणि वर निमुळती, कोंपऱ्यांवर वाटोळे बुरूज, त्यांत बंदुकीच्या नळीपुरत्या जंग्या. कोन धारदार ठेवला तर पाऊस तो प्रथम खातो. बुरुजाच्या गोलाईचें हें एक कारण, आणि बाजूंच्या भिंतींवर मारा करतां येतो हें दुसरें. दरवाजा एकच, मोठ्या दारांत लहान दिंडी, आंत देवडी आणि लगेच एक वळण, म्हणजे घोडेस्वाराला सरळ चौकांत घुसतां येऊं नये. आंत विहीर व पेंवें. युरोपांतील खालचें आवार येथें स्वतंत्र नसे. गांव आणि त्याचें गांवकूस हेंच गढीचें खालचें आवार.

लांकूड आमच्याहि गढींत आहे, परंतु तें आंत आहे. सातपुड्याचें सागवान खांब, तुळया, कडीपाट यांत खर्ची पडे आणि बाहेरून मातीशिवाय कांहीं दिसत नसे. वाळवी आणि उन्हाळ्यांतील आग या दोन शत्रूंचा विचार केला तर हें शहाणपण सहज समजतें. किंबहुना तें फार जुनें आहे. कौटिल्यानें दुर्गविधान सांगतांना तीन खंदक खणावे, त्यांच्या मातीचा वप्र करावा, तो हत्ती व बैल यांच्या पायांनीं तुडवून घट्ट करावा आणि त्यावर कांटेरी झुडपें लावावीं, असें सांगितलें आहे. परंतु तट लांकडाचा करूं नये, कारण लांकडांत अग्नि दबा धरून बसलेला असतो, असाहि इशारा दिला आहे. गंमत अशी कीं, मौर्यांच्या प्रत्यक्ष पाटलिपुत्रास लांकडीच तट होता. मेगॅस्थिनीसनें तो वर्णिला आहे, आणि पाटण्याच्या बुलंदीबागेंतील खणाखणींत त्याच्या जाड तुळया सांपडल्या आहेत. शास्त्रकार एक सांगतो आणि राजधानी दुसरें करते, हें तेव्हांपासूनचेंच आहे! विदर्भानें मात्र मातीवरच भिस्त ठेवली. भंडारा जिल्ह्यांतील पवनी येथें वैनगंगेच्या कांठीं प्राचीन नगराभोंवतीं जो मातीचा प्रचंड तट व खंदक आहे, त्याच्या परिसरांत १९६९-७० मध्यें उत्खनन झालें, आणि तें नगर सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं भरभराटींत होतें हें सिद्ध झालें.

मातीचा तट तोफेपुढें टिकतो काय? येथें दगडाचे अभिमानी चकित होतील. दगडी भिंतीवर गोळा आदळला म्हणजे ती तडकते आणि तिच्या कपच्या आंतल्याच माणसांना लागतात. मातीची जाड भिंत गोळा गिळून टाकते. यशवंतराव होळकर १८०५ मध्यें भरतपूरच्या जाट राजाच्या आश्रयास गेले, तेव्हां जनरल लेकनें त्या मातीच्या तटावर चार वेळां हल्ले चढविले आणि चारहि वेळां तो मोठी हानि सोसून परतला; भरतपूर घेण्यास इंग्रजांना १८२६ साल उजाडलें. भरतपूर हें मोठें राज्य होतें आणि त्याचा खंदक पाण्यानें भरलेला होता, हें आम्ही जाणतों. वऱ्हाडची गढी इतका वेळ तग धरती ना. तटाखालीं सुरुंग लावला कीं दगड काय आणि माती काय, सारखेंच. १६६० मध्यें फिरंगोजी नरसाळ्यानें छप्पन्न दिवस लढविलेलें चाकण शेवटीं सुरुंगानेंच पडलें. परंतु गढीवर सुरुंग लावण्यास शायिस्तेखान येत नसे. तिच्यावर येई तो पेंढाऱ्यांचा जथा, किंवा पैशासाठीं अडून बसलेला एखादा अंमलदार. पेंढाऱ्यापाशीं घोडा व भाला असे. वेढा घालून बसण्यास त्याला वेळ नसे, कारण उद्यां दुसरें गांव लुटावयाचें असे. तेवढ्या एका रात्रीपुरता मातीचा तट पुरेसा होता. मोठ्या युद्धांत गढीला कोणी विचारीत नसे. १८०३ च्या नोव्हेंबरांत पूर्वेस अडगांवच्या मैदानावर वेलस्लीनें भोंसल्यांच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हां पुढें तो चालून गेला तो गाविलगडावर.

परंतु गढी ही केवळ गरिबांची ढाल होती असें म्हणणें म्हणजे देशमुखांची वकिली करणें होय. ज्या तटाआड रयत पेंढाऱ्यापासून लपे, त्याच तटाच्या बळावर गढीचा धनी सरकारचा वसूल दाबून ठेवी आणि रयतेकडून मात्र तो दुणा काढी. ही दुधारी गोष्ट युरोपांतील राजांच्याहि लवकर ध्यानांत आली होती. ८६४ मध्यें फ्रँक राजा चार्ल्स (त्याला टकल्या चार्ल्स म्हणत) यानें पीत्र येथें हुकूम काढला कीं, आपल्या परवानगीवांचून ज्यांनीं कोट व कुंपणें बांधलीं असतील त्यांनीं तीं ऑगस्टाच्या आंत पाडून टाकावीं, कारण त्यांच्यामुळें शेजाऱ्यांस लूट व उपद्रव सोसावा लागतो. हुकूम निघाला, किल्ले वाढतच गेले.

जें त्या राजास साधलें नाहीं तें महाराष्ट्रांत एका पुरुषानें करून दाखविलें. सभासदानें आपल्या बखरींत लिहिलें आहे कीं, पूर्वीच्या पादशाह्यांत देशमुख व इतर मिरासदार वाडे-कोट बांधून, प्यादे-बंदुकी ठेवून पुंड झाले होते; शिवाजी महाराजांनीं त्यांचे वाडे पाडले, आणि त्यांनीं बुरुजाचा वाडा न बांधतां रयतेसारखें घर बांधून राहावें असा निर्बंध घातला. महाराजांनीं डोंगरांवर शेंकडों किल्ले बांधले, हें शाळेंतला मुलगाहि सांगतो. त्यांनीं सपाटीवरचे किती कोट पाडले, हें सांगणारा क्वचित् भेटतो; आणि आमच्या मतें राज्यकर्त्याची योग्यता दुसऱ्या कामांत पहिल्याइतकीच दिसते. किल्ला राज्याचा असावा, घराण्याचा असूं नये, हें तत्त्व त्यांत होतें.

वऱ्हाडास हा हात लाभला नाहीं. १७२४ मध्यें याच बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामानें मुबारिजखानास मारलें आणि दक्षिणेंत आपलें स्वतंत्र राज्य स्थापिलें. पुढें निजामाचे अंमलदार आणि भोंसल्यांचे कमाविसदार एकाच गांवांतून वसूल करूं लागले. या दोअमलींत पाटलाला दोन धनी आणि रयतेला एकहि नाहीं, अशी अवस्था झाली. चार्ल्सच्या फ्रान्सांत जें झालें तेंच येथें नऊशें वर्षांनंतर झालें. वरची सत्ता फाटली आणि त्या भेगांतून गढ्या उगवल्या. त्या एकमेकांचें पाहून बांधल्या गेल्या नाहींत हें उघडच आहे. हातांत कुदळ, पायांखालीं माती आणि दारांत स्वार, एवढी सामग्री जुळली म्हणजे फार निराळें कांहीं सुचण्यास वाव राहत नाहीं.

त्यांचा शेवट तोफांनीं झाला नाहीं. १८५३ मध्यें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. पुढच्या दहाबारा वर्षांत जमाबंदी थेट रयतेशीं ठरूं लागली आणि आगगाडी आली. देशमुखी वसुलाचें काम संपलें, पेंढारी कधींच संपले होते. दगडी किल्ला धनी सोडून गेला तरी दोनतीनशें वर्षें पडत पडत उभा राहतो. मातीच्या तटास दर उन्हाळ्यांत गिलावा आणि धाब्यावर दरसाल खारी मातीचा नवा थर लागतो. ज्या वर्षीं मजुरीस पैसे उरले नाहींत त्या वर्षापासून गढी पावसांत विरघळूं लागली.

उरलें आहे तें आतां कुदळीनें जात आहे. पांढरी माती भिंतींना चांगली आणि शेतालाहि खताप्रमाणें मानवते, म्हणून पडक्या गढीच्या पोटांतून ती खणून नेण्याची चाल वऱ्हाडांत व खानदेशांत सर्वत्र आहे. खणणाराला दोष देणें सोपें आहे. गढीच्या पहिल्या धन्यानेंहि हेंच केलें होतें. परंतु त्या मातीखालीं काय असूं शकतें याची साक्ष याच संग्रामपूर तालुक्यांत पूर्णेच्या कांठीं मिळाली आहे. भोन येथें डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं उत्खनन केलें, तेव्हां विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजक्या मातीच्या कड्यांच्या कितीतरी विहिरी निघाल्या. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं येथें भरलेलें गांव नांदत होतें. तें स्थळ जिगांव येथील धरणाच्या बुडित क्षेत्रांत येतें. युरोपांत ऱ्हाईनच्या खोऱ्यांतील हुस्टरक्नुप या टेकाडाची गत अशीच झाली. तेथें आधीं सपाटीवर लांकडी घरांची वस्ती होती आणि तीच पुढें टप्प्याटप्प्यानें उंच करून किल्ल्याचें टेकाड बनविलें गेलें, म्हणजे आमच्या पांढरीस तिकडील जवळचें असें तें एक उदाहरण. कोळशाच्या खाणीनें तें गिळून टाकलें. पण त्यापूर्वीं, १९४९ ते १९५१ या काळांत, त्याचा थर न् थर खणून, मोजून, नोंदून ठेवण्यांत आला. आमच्या गढ्यांपैकीं कितींचा नुसता नकाशा तरी काढलेला आहे? पाटबंधारे खात्याचीं कामें सावकाश चालतात. तो अवधि तरी या मोजणीस उपयोगीं पडावा. गाडीभर पांढरी शेतांत पसरली कीं तींतील खापरें पहिल्याच नांगरटींत काळींत मिसळून जातात, आणि मग तीं कोणत्या थरांतलीं, हें कोणासहि सांगतां येत नाहीं.